घरगुती एस्प्रेसो-यंत्राची कुळकथा

इटलींतील कोणत्याहि गांवीं सकाळच्या प्रहरीं एखाद्या कॉफीगृहांत पाऊल टाकलें, तर बहुधा एकच देखावा दृष्टीस पडतो. उंच फळीशीं माणसें उभीं असतात. फळीपलीकडे एक चकचकीत यंत्र फुसफुसत असतें. गिऱ्हाईक एखाददुसरा शब्द उच्चारतें, थोड्याच वेळांत एक लहानसा जाड पेला त्याच्यापुढें येतो, दोन-तीन घोटांत तो रिकामा होतो, आणि नाणें ठेवून तें गिऱ्हाईक आपल्या कामाला निघून जातें. पेल्यांतील कॉफी मोजली तर दोन मोठे चमचेहि भरणार नाहीं. पण तिच्यावर सायीसारखा तांबूस-पिंगट फेंस असतो, तिचा वास दारापर्यंत येतो, आणि तिची चव जिभेवर बराच वेळ रेंगाळते. हीच ती एस्प्रेसो कॉफी.

ही कॉफी घरच्या घरीं, आणि फारसा खर्च न करतां मिळावी, ही इच्छा आतां पुण्या-मुंबईच्याहि अनेक कुटुंबांत दिसून येते. बाजारांत तशीं यंत्रें आहेतहि. कांहीं थोडक्या किंमतींत मिळतात, कांहींना त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. पण सर्वांच्या खोक्यांवर छापलेला शब्द मात्र एकच असतो. मग गिऱ्हाईक साहजिकच विचारतें कीं, शब्द जर एक, तर अधिक दाम कां मोजावे? आणि तें सर्वांत स्वस्त यंत्र घरीं आणतें. पहिल्या दिवशीं घरांत उत्साह असतो, दुसऱ्या दिवशीं शंका येते, आणि महिन्याभरांत तें यंत्र माळ्यावर जाऊन बसतें. यांत सारा दोष यंत्राचा नसतो, आणि घेणाराचाहि नसतो. एकाच शब्दाखालीं साठ वर्षांचा इतिहास झांकला गेला आहे, हें खरें कारण. हीं यंत्रें एका कुळांतलीं असलीं, तरी एका पिढींतलीं नाहींत. कोणी पणजोबा आहे, कोणी आजोबा, कोणी नातू. तेव्हां पैसे मोजण्यापूर्वीं त्यांची कुळकथा समजून घेणें इष्ट होय.

प्रथम त्या शब्दाकडेच पाहावें. ‘एस्प्रेसो’ या इटालियन शब्दांत तीन अर्थ मिसळलेले आहेत. दाबून, पिळून काढलेली, हा एक अर्थ. वेगानें जाणारी, हा दुसरा. जलद आगगाडीलाहि इटालियन लोक हाच शब्द लावीत. आणि मुद्दाम एकट्यासाठीं, मागितल्या क्षणीं केलेली, हा तिसरा. यांपैकीं वेगाचा आणि एकट्यासाठीं करण्याचा असे दोन अर्थ या यंत्राला लहानपणींच साधले. दाबाचा अर्थ खऱ्या रीतीनें साधण्यास मात्र सुमारें अर्धें शतक जावें लागलें. आणि स्वस्त यंत्राच्या खरेदींतील सारी मेख याच अर्थांत आहे.

या कुळाचा मूळपुरुष शोधूं गेल्यास उत्तर इटलींतील ट्यूरिन शहरीं जावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाफेचें राज्य सर्वत्र पसरलें होतें. वाफेवर गिरण्या चालत होत्या, आगगाड्या धांवत होत्या, आगबोटी समुद्र ओलांडीत होत्या. कॉफी मात्र अजून जुन्या मंद गतीनेंच गाळली जात होती. ट्यूरिनमध्यें आंजेलो मोरिओंडो नांवाचा एक गृहस्थ होता. त्याच्या मालकीचें एक हॉटेल आणि एक मद्य-कॉफीगृह होतें. १८८४ सालीं ट्यूरिन येथें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनांत त्यानें वाफेवर चालणारें एक कॉफी-यंत्र मांडलें, त्यास कांस्यपदक मिळालें, आणि त्याच वर्षीं त्यानें त्याचें पेटंटहि घेतलें. एका मोठ्या बाष्पपात्रांतील पाणी दाबानें कॉफीच्या पुडीच्या थरांतून लोटावें, आणि मागाहून वाफ सोडून उरलासुरला अर्क काढून घ्यावा, अशी ती योजना होती. परंतु या यंत्रांत कॉफी घाऊक निघे. एकेका गिऱ्हाइकाचा पेला वेगळा निघत नसे. शिवाय मोरिओंडोनें हीं यंत्रें विकण्याचा धंदा केला नाहीं. थोडींशीं बनवून तीं स्वतःच्याच जागांत वापरलीं. परिणामीं त्याचें नांव पुढें अनेक दशकें विस्मृतींत पडलें. शोध लावणें आणि तो बाजारांत आणणें हीं दोन निराळीं कामें आहेत, याचा हा एक दाखला होय.

दुसरें काम मिलानच्या दोघां गृहस्थांनीं केलें. १९०१ सालीं लुईजी बेझेरा यानें नव्या यंत्राचें पेटंट मागितलें. त्यांत पुडीची एक लहान गाळणी मुठीच्या दांडीला जोडलेली होती. ती यंत्राच्या तोंडाला लावून फिरविली कीं घट्ट बसे, वरून गरम पाणी व वाफ येई, आणि खालीं ठेवलेल्या पेल्यांत एका माणसाची कॉफी उतरे. आज जगांतील कोणत्याहि कॉफीगृहांत दिसणारी ती दांडीची गाळणी येथूनच निघाली आहे. बेझेरापाशीं कल्पना होती. धंद्याची हातोटी होती ती देसिदेरिओ पाव्होनीपाशीं. त्यानें हे हक्क विकत घेतले, १९०५ च्या सुमारास मिलानमध्यें कारखाना घालून ‘इदेआले’ या नांवानें यंत्रें बनविण्यास आरंभ केला, आणि १९०६ सालच्या मिलानच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत हीं यंत्रें व त्यांची कॉफी लोकांपुढें आली. उभ्या पितळी-तांब्याच्या टाकीचीं तीं यंत्रें एखाद्या देवालयाच्या कळसासारखीं दिसत. कित्येकांच्या शिरावर पंख पसरलेला गरुडहि बसविलेला असे.

थाट मोठा होता, पण पेल्यांत काय पडे? जी कॉफी पडे ती काळी, कडवट, आणि पुष्कळदां करपट वासाची असे. तिच्यावर आजचा तो सायीसारखा फेंस नसे. याचें कारण नीट ध्यानांत घेतलें पाहिजे, कारण पुढील सारी कथा त्यावर उभी आहे. समुद्रसपाटीवर हवेचा जेवढा दाब असतो, तेवढ्याला साधारणपणें एक ‘बार’ म्हणतात. बेझेराच्या धर्तीच्या यंत्रांत पाण्याला मिळणारा दाब दीड-दोन बारांच्या आसपास असे. तो वाढवावा म्हटलें तर अडचण अशी कीं, बंद पात्रांतील वाफेचा दाब आणि उष्णता यांची गांठ पक्की बांधलेली असते. एक वाढविली कीं दुसरी वाढलीच पाहिजे. चांगल्या एस्प्रेसोला नऊ बारांच्या जवळपास दाब लागतो. निव्वळ वाफेनें तेवढा दाब मिळवावयाचा, तर पाणी सुमारें १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावें लागेल. आणि कॉफीच्या पुडीला मानवणारें पाणी असतें नव्वद अंशांच्या आगेंमागें. म्हणजे दाब हवा तर कॉफी जळते, आणि कॉफी वांचवावी तर दाब मिळत नाहीं. या पेचांतून सुटणें म्हणजेच दाब आणि उष्णता यांची ती गांठ सोडविणें. पुढील कर्तबगार माणसांनीं जें केलें तें एवढेंच.

मध्यंतरीं मात्र या वाफेच्या यंत्रानेंच इटलीचें सामाजिक जीवन बदलून टाकलें. ट्यूरिनच्या पिएर तेरेझिओ आर्दुइनो यानेंहि १९०५ पासून अशीं यंत्रें बनविलीं; त्याच्यासाठीं लेओनेत्तो काप्पिएल्लो या चित्रकारानें १९२२ सालीं काढलेलें भित्तिपत्रक प्रसिद्ध आहे. धांवत्या आगगाडींतून एक प्रवासी बाहेर झुकून यंत्राच्या तोटीखालून आपला पेला भरून घेत आहे, असें तें चित्र. एस्प्रेसो म्हणजे वेग, ही समजूत त्या एका चित्रानें घरोघर पोंचविली. फळीशीं उभें राहून कॉफी पिण्याची इटालियन चालहि याच काळांत रुजली. १९११ पासून तेथील नगरपालिकांना जीवनावश्यक जिनसांच्या कमाल किंमती ठरवून देतां येऊं लागल्या, आणि उभ्यानें घ्यावयाच्या कॉफीलाहि ती मर्यादा लागूं झाली. बसून घेतलेल्या कॉफीला मात्र अधिक दाम पडत. म्हणून कारकून असो वा कामगार असो, त्याला बाहेरचा पेला परवडत असे. घरांत एवढें अवजड यंत्र आणण्याची त्याला गरजच वाटली नाहीं.

घरासाठीं इटलीनें निराळेंच उत्तर शोधिलें, आणि तें अत्यंत स्वस्त होतें. १९३३ सालीं पिडमाँट प्रांतांतील आल्फोन्सो बिआलेत्ती यानें ‘मोका’ नांवाचें आठ पैलूंचें ॲल्युमिनियमचें भांडें बाजारांत आणलें. खालच्या भागांत पाणी, मधल्या गाळणींत पूड, आणि वरचा भाग रिकामा. चुलीवर ठेवलें कीं वाफेच्या दाबानें पाणी वर चढतें, पुडींतून जातें, आणि वरच्या भागांत कॉफी होऊन उसळतें. दाब एक-दोन बारांचा. म्हणजे तत्त्वतः हें बेझेराच्याच यंत्राचें चुलीवर बसणारें भावंडच. महायुद्धानंतर बिआलेत्तीचा मुलगा रेनातो यानें मिशाळ माणसाचें चित्र छापून या भांड्याची एवढी जाहिरात केली कीं, इटलींत मोका नसलेलें स्वयंपाकघर सांपडणें कठीण झालें. घरबसल्या कॉफीगृहाची एस्प्रेसो, असेंहि त्या जाहिरातींत सांगितलें जाई. मोकाची कॉफी दाट आणि सुवासिक असते, हें खरें. पण ती एस्प्रेसो नव्हे. तथापि तिच्यापायीं कोणी फसला नाहीं. भांडें अल्पमोलाचें होतें, आयुष्यभर टिकत होतें, आणि रोज सकाळीं आपलें काम चोख करीत होतें.

आतां ती गांठ सोडविणाराकडे वळावें. आकिले गाज्जा हा मिलानमधील एका कॉफीगृहाचा चालक. करपट चवीनें तो अस्वस्थ होता. १९३८ सालीं त्यानें पहिलें पेटंट मागितलें. त्यांत वाफेऐवजीं गरम पाणीच दाबानें पुडींतून लोटण्याची कल्पना होती. पुढें युद्ध आलें, आणि काम लांबणीवर पडलें. युद्ध संपल्यावर, १९४७-४८ च्या सुमारास, त्याचें दांड्याचें यंत्र प्रत्यक्ष बाजारांत आलें. त्याची रचना साधी, पण विलक्षण होती. चालक दांडा खालीं ओढी. त्यासरशीं एक भक्कम स्प्रिंग आवळली जाई आणि पुडीवरच्या लहान नळकांड्यांत गरम पाणी शिरे. मग दांडा सोडला कीं स्प्रिंग पसरूं लागे आणि दट्ट्या त्या पाण्याला पुडींतून खालीं रेटी. दाब आठ-नऊ बारांच्या घरांत जाई. आणि हा दाब वाफेपासून नव्हे, तर स्प्रिंगपासून मिळत असल्यामुळें पाण्याची उष्णता वाढण्याचें कांहीं कारण राहिलें नाहीं. दाब आणि उष्णता प्रथमच एकमेकांपासून मोकळीं झालीं.

या एका सुधारणेनें पेल्यांतील पदार्थच बदलला. भाजलेल्या कॉफींत कर्बद्विप्राणिल वायु कोंडलेला असतो, आणि तेलहि असतें. मोठ्या दाबाखालीं पाण्यांत तीं दोन्ही मिसळलीं, आणि पेल्यांत उतरतांच वायु सुटून तांबूस फेंसाची साय जमली. प्रारंभीं गिऱ्हाइकें शंकेनें विचारीत कीं, ही मळी कसली, असें सांगतात. त्यावर गाज्जानें तिला नैसर्गिक साय म्हणून मिरविण्यास आरंभ केला, आणि त्याच्या यंत्रांवरहि तशींच अक्षरें झळकूं लागलीं. पेल्याचा लहान आकारहि बऱ्याच अंशीं याच यंत्रानें ठरविला. नळकांड्यांत मावेल तेवढेंच पाणी एका खेपेस पुडींतून जाई. त्यामुळें थोडी, दाट आणि सायीची कॉफी, हीच एस्प्रेसोची व्याख्या होऊन बसली. आज जिला जग एस्प्रेसो म्हणतें, तिचें वय म्हणून शतकाहून पुष्कळ कमी आहे.

दांड्याच्या यंत्राबरोबरच घरगुती यंत्राच्या इतिहासालाहि खरा आरंभ झाला. १९५० नंतरच्या दशकांत गाज्जानें ‘जिल्दा’ नांवाचें लहान घरगुती यंत्र काढलें. पुढें १९६० च्या सुमारास पाव्होनीच्या कारखान्यानें ‘युरोपिक्कोला’ हें हातानें दाबावयाचें यंत्र बाजारांत आणलें, आणि त्याच घाटाचें यंत्र पुढें कित्येक दशकें विकलें गेलें. या यंत्रांत स्प्रिंगऐवजीं माणसाच्या दंडाचाच दाब असतो. तीं दिसण्यांत सुंदर, बनावटींत टिकाऊ. पण त्यांना सवय आणि चिकाटी लागते. पूड थोडी जाड झाली, हात थोडा कमी पडला, किंवा यंत्र फार तापलें, कीं पेला बिघडतो. ज्याला सकाळीं कचेरींत वेळेवर पोंचावयाचें आहे, त्याच्यासाठीं तीं नव्हेत; ज्याला त्या खटाटोपांतच आनंद आहे, त्याला तीं सोडवत नाहींत.

माणसाच्या दंडाची आणि स्प्रिंगचीहि गरज संपविली ती फाएमा या मिलानच्या कारखान्यानें. कार्लो एर्नेस्तो व्हालेन्ते याच्या या कारखान्यानें १९६१ सालीं ‘ई ६१’ हें यंत्र काढलें. त्याचें नांव त्याच वर्षीं १५ फेब्रुवारीस इटलींतून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणावरून पडलें. ई हें ग्रहणवाचक इटालियन शब्दाचें आद्याक्षर. या यंत्रांत विजेवर चालणारा पंप पाण्याला सुमारें नऊ बारांचा दाब देई, आणि तेंच पाणी बाष्पपात्रांतून जाणाऱ्या नळींतून वाहतांना योग्य तेवढें तापे. म्हणजे दाब पंपाचा आणि उष्णता पात्राची. दोहोंची दोन खातीं स्वतंत्र झालीं. चालकानें फक्त एक लहान खटका फिरवावयाचा. बेझेराच्या पेटंटापासून येथवर बरोबर साठ वर्षें लागलीं. पुढें १९९८ सालीं स्थापन झालेल्या इटालियन राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेनें जें प्रमाण ठरवून दिलें, तें याच मार्गाचें फलित आहे : सात ग्रॅम पूड, ८८ अंशांच्या जवळचें पाणी, नऊ बार दाब, २५ सेकंद, आणि पेल्यांत सायीसकट २५ मिलिलिटर कॉफी.

परंतु कॉफीगृहांतील तो पंप मोटारीवर फिरणारा, जड आणि महाग. घरासाठीं तो उपयोगी नव्हता. घराला यंत्र मिळालें तें एका निराळ्या, तळहातावर मावणाऱ्या पंपामुळें. त्यांत तारेच्या वेटोळ्यांतून विजेचा प्रवाह जातो. त्यासरशीं आंतील लोखंडी दट्ट्या एकीकडे खेंचला जातो, आणि लगेच स्प्रिंग त्यास परत ढकलते. आपल्या घरांतील वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, तेव्हां हा दट्ट्याहि सेकंदाला पन्नास वेळां धडपडतो. घरगुती यंत्रांतून येणारा तो गुरगुराट याचाच. हा पंप अगदीं स्वस्त पडतो, आणि तरी पंधरा बारांपर्यंत दाब देऊं शकतो. १९७७ सालीं गाज्जाच्या कारखान्यानें ‘बेबी’ हें असलें पंपाचें लहान यंत्र काढलें. १९९१ सालीं त्याच घराण्यांतील ‘क्लासिक’ आलें. लहानसें बाष्पपात्र, तळहाताएवढा पंप, दांडीची गाळणी आणि दुधासाठीं वाफेची नळी, एवढाच त्यांचा संसार; पण सामान्य कुटुंबाच्या ओट्यावर खरी एस्प्रेसो आली ती या घराण्यामुळें. आज मिळणारीं बहुतेक परवडणारीं पंपाचीं यंत्रें, तीं कोणत्याहि कंपनीचीं असोत, याच रीतीनें चालतात.

एवढी कुळकथा ठाऊक असली म्हणजे दुकानांतील फळीवर मांडलेलीं यंत्रें आपोआप आपापल्या पिढींत जाऊन बसतात. अगदीं स्वस्तांत मिळणारें यंत्र बहुधा १९०१ च्या पिढीचें असतें. त्यांत पंप नसतो, केवळ वाफ असते. तें ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्या यंत्रांत पाणी मोजून ओतावयाचें आणि वर आट्यांचें घट्ट झांकण पिळून बसवावयाचें, तें वाफेचें. आणि ज्याला पाण्याची मोकळी, काढघाल करतां येणारी टांकी आहे व चालू करतांच जें गुरगुरतें, तें पंपाचें. वाफेचें यंत्र निरुपयोगी असतें असें नव्हे. दूध फेंसाळवून त्यांत कडक कॉफी ओतावयाची असेल तर तें आपलें काम करतें. परंतु तेवढेंच हवें असेल, तर मोकाचें भांडें त्याहून कितीतरी कमी किंमतींत तसलीच, किंबहुना अधिक चांगली कॉफी देतें, आणि बिघडण्यासारखें त्यांत रबराच्या कड्यावांचून फारसें कांहीं नसतें.

पंपाचें यंत्र घेतांनाहि दोन गोष्टींनीं भुलूं नये. पहिली म्हणजे खोक्यावर ठळक छापलेले पंधरा किंवा वीस बार. तो पंपाचा कमाल जोर आहे. पाणी पुढें सरकण्यास वाव नसतां तो जास्तींत जास्त किती रेटा देईल, याचा आंकडा. पेल्याला हवे असतात नऊच बार, आणि चांगल्या यंत्रांत जादा दाब परत फिरविणारी एक झडप मुद्दाम बसविलेली असते. तेव्हां वीस हे पंधरांहून श्रेष्ठ, असा हिशेब येथें लागूं पडत नाहीं. दुसरी गोष्ट म्हणजे फेंस. पुष्कळ स्वस्त यंत्रांच्या गाळणीला दुहेरी तळ असतो, आणि बाहेरच्या तळाला सुईच्या टोंकाएवढें एकच भोंक असतें. त्यांतून कॉफी जोरानें फवारली कीं कसलीहि पूड असली तरी फेंस येतो. तो गाज्जाची साय नव्हे. यंत्रानें घुसळून काढलेला फेंस होय. नवशिक्याला ही गाळणी सोयीची असते, यांत शंका नाहीं. पण यंत्राला एकेरी तळाची गाळणीहि बसूं शकते कीं नाहीं, हें घेण्यापूर्वीं विचारून ठेवावें. कारण हात बसल्यावर तीच लागते.

आणि एकेरी गाळणी आली कीं कॉफी दळण्याची चक्की आली. दाब निर्माण होतो तो केवळ पंपानें नव्हे. पाण्याला अडविणारी पूड नसेल तर पंप कोणाला रेटणार? पूड जाड असली तर पाणी दहा सेकंदांत धो धो निघून जातें आणि कॉफी पाणचट, आंबट लागते. फार बारीक असली तर थेंबथेंब ठिबकते आणि कडू होते. हा मधला नेम साधावयाचा, तर पूड घरींच, ताजी, आणि केंसभर फरक करतां येईल अशा चक्कींत दळली पाहिजे. डबाबंद पुडींतील वायु उडून गेलेला असतो; त्यांतून साय येत नाहीं. म्हणून ज्या कुटुंबाची ऐपत मर्यादित आहे, त्यानें सारे पैसे यंत्रावर घालून चक्कीसाठीं कांहीं न उरविणें ही चूक ठरते. साधें पंपाचें यंत्र आणि चांगली चक्की ही जोडी, भारी यंत्र आणि वाईट पूड या जोडीला सहज मागें टाकते. हाताची चांगली चक्कीहि चालते. तिला वीज लागत नाहीं, दंड मात्र लागतो.

या खटाटोपांतून सुटण्याचा एक मार्ग नेस्ले कंपनीनें काढला. तिच्या एरिक फाव्हर या स्विस अभियंत्यानें पूड लहान डबींत बंद करण्याची युक्ति योजिली, आणि १९८६ सालीं ‘नेस्प्रेसो’ बाजारांत आलें. यंत्र स्वस्त, कष्ट जवळजवळ शून्य, चव रोज सारखी. परंतु यंत्रावर वांचलेले पैसे दर डबीमागें द्यावे लागतात, आणि रिकाम्या डब्यांचा ढीग उरतो तो वेगळाच. दिवसाला एक पेला पिणाऱ्या घराला हें कदाचित् परवडेल. चार माणसांच्या घरानें मात्र वर्षाचा हिशेब कागदावर मांडून मगच निर्णय घ्यावा.

महाराष्ट्रांतील वाचकाला या कथेंत एक गंमत आढळेल. आपल्याकडे लग्नसमारंभांत फसफसणाऱ्या वाफेच्या नळीनें दूध, साखर आणि विरघळणारी कॉफी फेंसाळवून, वर चॉकलेटची पूड भुरभुरून देतात, आणि तिला सर्रास एस्प्रेसो म्हणतात. त्या पेल्यांत पिळून काढलेला असा अर्क नसतो. मुख्य कारभार वाफेचाच असतो. म्हणजे नांव इटलीचें, आणि तत्त्व पणजोबांच्या काळचें! तो पेला वाईट असतो असें कोणी म्हणणार नाहीं. थंडींतल्या मांडवांत त्याची सर दुसऱ्याला नाहीं. पण हाच पेला मनांत धरून जो एस्प्रेसो-यंत्र विकत घेईल, तो पहिल्याच सकाळीं चकित होईल. उलट दुसऱ्या बाजूनें पाहिलें, तर इटालियन पेल्यांत भारताचा वांटा मोठा आहे. चिकमगळूरच्या डोंगरांत बाबा बुदन यांनीं येमेनहून कॉफीचें बीं आणलें, अशी परंपरागत कथा आहे. त्याच कर्नाटकांतून निघणारी कॉफी इटली मोठ्या प्रमाणावर विकत घेते. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यांत मुद्दाम फुगविलेली ‘मॉन्सून्ड मलबार’ ही तर एस्प्रेसोच्या मिश्रणांसाठीं नांवाजलेली आहे. तेव्हां यंत्र परदेशीं असलें, तरी दाणे शोधण्यासाठीं परदेशीं जाण्याची गरज नाहीं.

सारांश, घरगुती यंत्र घेणारानें आधीं यंत्राकडे न पाहतां घराकडे पाहावें. घरांत दुधाची गोड कॉफीच आवडत असेल, तर मोका किंवा दक्षिणेकडील पितळी गाळणी पुरे. तिच्यापुढें स्वस्त वाफेचें यंत्र हा निष्कारण खर्च होय. कष्ट नको असतील तर डबीचें यंत्र आहे. त्याचा खर्च महिन्यामहिन्याला होतो, एवढें विसरूं नये. आणि कॉफीगृहांतील तो सायीचा पेलाच हवा असेल, तर पंपाचें साधें यंत्र, एकेरी गाळणी, चक्की, ताजे भाजलेले दाणे, आणि पंधरा दिवसांचा धीर, या पांच गोष्टींची तरतूद करावी. त्यांतलें एकहि वगळून चालत नाहीं. कूपनलिकेचें जड पाणी वापरणाऱ्या घरांनीं आणखी एक सांभाळावें : पात्राच्या आंत चुन्याचा थर बसतो, आणि तो वेळोवेळीं काढला नाहीं तर उत्तम यंत्रहि वर्ष-दोन वर्षांत रुसून बसतें.

मोरिओंडोनें मांडलेला प्रश्न साधा होता : गर्दीच्या वेळीं गिऱ्हाइकाला झटपट कॉफी कशी द्यावी? बेझेरानें ती एकेकट्याला दिली, गाज्जानें ती चवदार केली, व्हालेन्तेनें ती सोपी केली, आणि तळहाताएवढ्या एका पंपानें ती घरांत आणली. एवढ्या माणसांनीं टप्प्याटप्प्यानें जें साधलें, तें केवळ खोक्यावरच्या एका शब्दावर विसंबून गमावणें हें शहाणपणाचें नाहीं. दुकानदाराला किंमत विचारण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा : यांत दाब कोण देतो, वाफ कीं पंप? त्या उत्तरावरून यंत्र १९०१ चें कीं १९६१ चें, तें तत्काळ कळेल; आणि मग दाम किती द्यावे, हें ठरविणें कोणालाहि अवघड जाणार नाहीं.